पहिली ठासणीची रायफल: कोणती घ्यावी आणि कशी हाताळावी

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे पेनसिल्वेनियात राहतात, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालेला आहे, दोन सीझन काडतुसाच्या रायफलने हरणाची शिकार केली आहे. आता मझललोडर, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची ठासणीची रायफल घ्यायची आहे. दुकानदाराने दुर्बीण लावलेली .५० कॅलिबरची इनलाइन, म्हणजे आधुनिक धाटणीची, पुढे केली, मित्र म्हणतो घ्यायची तर चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारीच घे. मग कोणती घ्यावी, दारू कुठली वापरावी, आणि घरात लहान मुलं असताना हे सगळं सांभाळायचं कसं?

दुकानदार आणि मित्र, दोघांचंही जरा बाजूला ठेवा. आधी सांगा, शिकारीला जायचंय कोणत्या सीझनला? पेनसिल्वेनियात ऑक्टोबरमध्ये बिनशिंगी हरणांसाठी मझललोडरचा छोटा सीझन असतो. त्यात इनलाइन चालते, दुर्बीणही चालते. नाताळनंतर सुरू होणारा सीझन मात्र निव्वळ चकमकीच्या बंदुकांचा, १९७४ पासून चालत आलेला. तिथे दुर्बीण नाही, आणि टोपीची जुन्या धाटणीची बंदूकसुद्धा चालत नाही, मग इनलाइनचं नावच नको. दुकानदाराने दाखवलेली रायफल घेऊन तुम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जंगलात गेलात तर ती थेट बेकायदा शिकार होईल. उलट चकमकीची बंदूक दोन्ही सीझनला चालते.

राज्य बदललं की नियमही पार बदलतात. उद्या कोणी कोलोरॅडोला एल्क या मोठ्या हरणासाठी चला म्हणालं, तर तिथल्या मझललोडर सीझनमध्ये दुर्बीण, सॅबो (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं वेष्टन) आणि पेलेट (दारूच्या दाबलेल्या गोट्या) तिन्ही बाद आहेत, आणि एल्कसाठी किमान .५० कॅलिबर लागतं. म्हणून पैसे मोजण्याआधी त्या वर्षीचं डायजेस्ट, म्हणजे राज्याची शिकार-नियमांची पुस्तिका वाचा. गेल्या वर्षीचं चालणार नाही. पेनसिल्वेनियात नेहमीच्या लायसन्सशिवाय मझललोडरचं वेगळं लायसन्स लागतं, तेही विसरू नका.

आता बंदुकांचे प्रकार. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या चिमट्यात गारगोटी असते. ती फ्रिझन नावाच्या पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या पॅनमधल्या रंजकावर (पेटवण्यासाठीच्या बारीक दारूवर) पडतात आणि तो जाळ नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत जातो. टोपीच्या बंदुकीत निपल नावाच्या पोकळ बोंडावर छोटी तांब्याची टोपी बसते, बहुधा ११ नंबरची, आणि घोडा तिच्यावर आपटतो. इनलाइनमध्ये प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, नळीच्या थेट मागे, एका रेषेत असतो. आज तो बहुतेक शॉटगनचा २०९ प्रायमर असतो. कल्पना जुनीच होती, पण टोनी नाइट यांची एमके-८५ ही रायफल १९८५ साली आली आणि तिथून इनलाइनने बाजार व्यापला.

माझं मत स्पष्ट आहे. उन्हाळ्यापासून रेंजवर नियमित सराव करण्याइतका वेळ आणि हौस असेल तर चकमकीची घ्या. वेळ कमी असेल आणि ऑक्टोबरमध्ये फ्रीजर भरला की समाधान असेल, तर इनलाइन घ्या आणि त्याबद्दल कोणाचे टोमणे ऐकून घेऊ नका. टोपीची बंदूक दिसायला देखणी, चालवायला चकमकीपेक्षा सोपी, पण तुमच्या राज्यात ती धड ना इकडची ना तिकडची. घरात मुलं आहेत हे लक्षात घेतलं तर माझा कौल पहिल्या बंदुकीपुरता इनलाइनकडे जरा जास्त झुकतो. कारण साधं आहे. मधून दुमडून उघडणारी आणि ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच) हाताने निघणारी इनलाइन बार न उडवता मागून रिकामी करता येते. प्लग काढा, गजाने (ठासायच्या सळईने) गोळी आणि दारू मागे ढकला, झालं. चकमकीच्या बंदुकीत हे इतकं सहज होत नाही.

कॅलिबरवर फार डोकं शिणवू नका. हरणासाठी .५० घ्या. गोळ्या, सॅबो, चिंध्या, सगळं या मापात मुबलक मिळतं. .५४ जास्त जड गोळी फेकते आणि एल्कवाले तिचीच वाखाणणी करतात, पण तुमच्यासाठी ती गरजेची नाही. खरं बघायचं ते आट्यांचा पीळ. नळीतले आटे, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, किती इंचांत एक फेरी पुरी करतात, त्यावर ती रायफल कोणती गोळी नीट फेकेल हे ठरतं. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला संथ पीळ लागतो, ६० किंवा ६६ इंचांत एक फेरी. लांबट गोळी आणि सॅबोला जलद पीळ लागतो, आजच्या बहुतेक इनलाइनमध्ये २८ इंचांत एक. मधला ४८ इंचांचा पीळ दोन्ही बरं फेकतो, पण अप्रतिम कोणतंच नाही. जलद पिळाच्या नळीत गोल गोळीखाली भरपूर दारू ठासली की गट (निशाण्यावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) फाकतो, आणि नवखा माणूस बंदुकीला नावं ठेवतो.

वापरलेली बंदूक स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण ती भरलेली आहे असं धरूनच हातात घ्या. जुन्या घरांत भिंतीवर टांगलेल्या ठासणीच्या बंदुका कित्येक वर्षं भरलेल्याच राहिलेल्या असतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर नुसत्या वयाने निकामी होत नाही. तपासायचं असं: टोपी किंवा रंजक नाही हे आधी पाहा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून गज नळीत हळूच सोडा. रिकाम्या नळीत तो तळाच्या पोलादावर खणकन आवाज करतो, भरलेल्या नळीत नुसता थप्प. मग नळीच्या तोंडापाशी गज बोटाने धरा, बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा. टोक कानापर्यंत किंवा निपलपर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. ते काढणं पहिल्याच दिवशी स्वतः करू नका, माहीतगार बंदूक-कारागिराकडे न्या. बंदूक रिकामी निघाली तर आत दिवा सोडून आटे बघा आणि एक घट्ट चिंधी फिरवा. चिंधी जिथे अडकते तिथे गंजाचे खड्डे असतात.

दारूच्या बाबतीत माझा सूर जरा कडक होतो, कारण गंभीर अपघातांचं एक मोठं मूळ इथेच आहे. ठासणीच्या बंदुकीत काडतुसाची धूरविरहित दारू कधीही घालायची नाही. थोडीशीही नाही, मिसळूनही नाही. तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही, नळी फुटते आणि डावा हात नेमका तिथेच असतो. सॅव्हेजची १०एमएल-२ सारख्या मोजक्या रायफली मुद्दाम त्या दारूसाठी बनवल्या होत्या. तो अपवाद त्यांच्यापुरताच. रंगावरून दारू ओळखायला जाऊ नका, धूरविरहित दारूही काळपट दिसते. मूळ डब्याशिवायची, लेबल नसलेली दारू कोणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका.

मग घालायचं काय? चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच लागते. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन हे पर्याय पेटायला जास्त उष्णता मागतात आणि रंजकाच्या जाळाला दाद देत नाहीत. .५० साठी नळीत २एफ किंवा ३एफ दाणा, रंजकाला बारीक ४एफ (आकडा मोठा तितका दाणा बारीक). काळी दारू कायद्याने स्फोटकांत मोडते, त्यामुळे ठेवणारी दुकानं कमी. ती आधीच शोधून ठेवा. टोपीच्या बंदुकीत पायरोडेक्स चालतं. २०९ प्रायमरच्या इनलाइनमध्ये पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न २०९ यांपैकी तुमच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल ते. पायरोडेक्सच्या पेलेटची एक बाजू गडद असते. ती खाली, प्रायमरकडे जाते.

मापाचा घोळ समजून घ्या. ग्रेन हे खरं तर वजनाचं छोटं एकक. ठासणीच्या बंदुकीत ‘१०० ग्रेन’ म्हणतात तेव्हा ते मापाने मोजलेले असतात, म्हणजे काळ्या दारूच्या १०० ग्रेनइतकं आकारमान. पर्यायी दारू हलकी असते. ब्लॅकहॉर्नचे मापाचे १०० ग्रेन तराजूवर साधारण ७० भरतात. कोणी हौसेने तराजूवर १०० तोलले तर मापाने ते १४० च्या वर जातात, आणि उत्पादकाची कमाल मर्यादा १२० आहे. तराजू वापरायचाच असेल तर उत्पादकाचा तक्ता समोर ठेवून, नाहीतर सरळ मापाने मोजा. ट्रिपल सेव्हन तर तेवढ्याच मापात काळ्या दारूपेक्षा जोरकस, म्हणून पंधरा टक्के कमी घ्यायची पद्धत आहे.

किती भरायची? गोल गोळीसाठी (.५० च्या नळीत .४९० ची गोळी आणि .०१५ इंच जाडीची, चरबी लावलेली सुती चिंधी) ५० ग्रेनपासून सुरू करा आणि पाच-पाचने वाढवत जा. ७० ते ९० च्या दरम्यान कुठेतरी गट आवळतो, तिथे थांबा. इनलाइनमध्ये ५० ग्रेनचे दोन पेलेट आणि २५० ग्रेनची सॅबोतली गोळी हरणाला पुरून उरते. खोक्यावर तीन पेलेटचं आमिष असतं. ज्यादा दारूचा बराचसा भाग नळीच्या तोंडाबाहेर जळतो आणि उरलेला तुमच्या खांद्यावर. मॅन्युअलमधली कमाल मर्यादा हे गाठायचं ध्येय मानू नका.

आता भरण्याची पद्धत. काडतुसात ही सगळी काळजी कारखान्याने घेतलेली असते. इथे ती तुम्ही घेता, तीही गारठलेल्या बोटांनी, अर्धवट उजेडात, समोरून हरीण पळताना. म्हणून क्रम कायम एकच ठेवा आणि मधेच कोणाशी गप्पा मारू नका. रेंजवर मी नव्या लोकांना भरताना पाहतो, तेव्हा दारू दोनदा पडणं किंवा अजिबात न पडणं हे जवळपास नेहमी बोलता बोलता झालेलं असतं.

डोळ्यांना चष्मा, कानांना बचाव. घोडा अर्ध्या खाचेवर, टोपी नाही, पॅन उघडं आणि रिकामं. दस्त्याचं बूड जमिनीवर, नळी चेहऱ्यापासून दूर कललेली. आधी कोरडी चिंधी फिरवून तेल पुसा. टोपीच्या बंदुकीत रिकाम्या नळीवर एक-दोन टोप्या उडवा, तोंड एखाद्या वाळक्या पानाजवळ धरून. पान हललं तर वाट मोकळी आहे. मग दारू डब्यातून किंवा शिंगातून (दारू ठेवायच्या पोकळ शिंगातून) मापात आणि मापातून नळीत. शिंगातून थेट नळीत ओतू नका. आत मागच्या बाराची एखादी ठिणगी धगधगत असेल तर मापातली चिमूटभर दारू पेटेल आणि तुम्ही घाबराल. शिंग पेटलं तर हात जाईल. नंतर गोळी, आधी आखूड दट्ट्याने, मग गजाने. गज नळीच्या तोंडापासून वीतभरच वर धरायचा आणि थोडा-थोडा खाली ढकलायचा. लाकडी गज वर धरून दणका दिला तर तो मोडतो, आणि त्याची तिरपी फाटलेली टोकं तळहातातून आरपार जातात. तळहात, छाती, चेहरा यांपैकी काहीही नळीच्या रेषेत नको.

गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर ती गोळी अडथळ्यासारखी वागते आणि नळी त्या जागी फुगते किंवा फुटते. हे नुसत्या अंदाजाने कळत नाही, म्हणून गजावर खूण करा. ठरलेला बार भरून गोळी नीट बसली की गज आत असताना नळीच्या तोंडाशी चाकूने किंवा पक्क्या शाईने रेघ मारा. दुसरी रेघ रिकाम्या नळीची. पुढे प्रत्येक वेळी गोळी ठासल्यावर रेघ तोंडाशी आली का ते बघायचं. रेघ वर राहिली तर गोळी अडकली आहे किंवा दारू दोनदा पडली आहे. खाली गेली तर दारू कमी आहे किंवा नाहीच. दुकानातली कोणतीही महागडी वस्तू या फुकटच्या रेघेइतकी कामाची नाही. टोपी, प्रायमर किंवा रंजक सगळ्यात शेवटी, आणि शिकारीत तर मचाणावर स्थिरस्थावर होऊन बसल्यावर.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर बंदूक खाली घेऊ नका. निशाण्याच्या दिशेलाच किमान एक पूर्ण मिनिट धरून ठेवा. दारू आत धुमसत असू शकते आणि बार उशिरा उडतो. मिनिट झाल्यावर नवी टोपी किंवा नवं रंजक. चकमकीच्या बंदुकीत कान बारीक तारेने साफ करा आणि पुन्हा प्रयत्न करा. दारू न घालताच गोळी ठासली गेली असेल तर कार्बन डायऑक्साइडचं छोटं यंत्र ती बाहेर फेकतं, ते रेंजच्या पिशवीत असू द्या. मात्र तेव्हाही नळी भरलेली आहे असंच धरून तोंड मातीच्या बांधाकडे ठेवा.

चकमकीवाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. कानातून आडवा जाळ निघतो, त्यामुळे उजव्या बाजूला कोणीही उभं राहू नये. दुसरं म्हणजे चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणभर जातो आणि डोळ्यांसमोर भडका उडतो. नवखा माणूस त्या क्षणी दचकून मान वर करतो आणि गोळी भलतीकडे जाते. भडका झाल्यावरही माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) निशाण्यावरच राहिली पाहिजे. हे फक्त सरावाने जमतं. रंजक पॅनभर भरू नका, कानाच्या खालच्या कडेपर्यंत पुरे, आणि दमट हवेत ते अधूनमधून पुसून नवं घाला.

अंतराचा मोह आवरा. उघड्या माशीने आणि गोल गोळीने मी ७५ यार्डांपलीकडे बार टाकायला सांगत नाही, कारण गोल गोळीचा वेग झपाट्याने घसरतो. चांगली इनलाइन दुर्बिणीसह १५० पर्यंत काम देते, पण रेंजवर त्या अंतरावर तुमचा गट जमत असेल तरच. बार झाल्यावर समोर पांढऱ्या धुराचा पडदा येतो आणि हरीण कुठे गेलं दिसत नाही. म्हणून बार टाकण्याआधीच ते ज्या झाडाशी उभं आहे ते झाड लक्षात ठेवा. मग जागेवरून न हलता आधी बंदूक पुन्हा भरा, आणि त्यानंतर रक्ताचा माग काढा.

मचाणावर चढताना बंदूक पाठीवर नको. टोपी काढून, पॅन रिकामं करून ती दोरीने वर ओढून घ्या, तोंड खाली आणि तुमच्यापासून दूर. गाडीतून नेताना ‘रिकामी’ कशाला म्हणायचं हे राज्यागणिक बदलतं. अनेक ठिकाणी टोपी किंवा रंजक काढलं की पुरतं, काही ठिकाणी गोळी आणि दारूही बाहेर हवी. घरात मात्र भरलेली नळी येताच कामा नये, कायदा काहीही म्हणो. दिवस संपला की इनलाइनचा प्लग काढून बार बाहेर, चकमकीची असेल तर परवानगी असलेल्या जागी मऊ मातीत बार उडवून टाका. मुलांच्या बाबतीत: बंदूक कुलपात, टोप्या दुसऱ्या कुलपात, दारू मूळ डब्यात आणि हीटरपासून लांब.

कायद्याचं एक, कारण आपल्याकडची बरीच मंडळी एच-१बी वर आहेत. १९६८ च्या केंद्रीय कायद्यात बहुतेक ठासणीच्या बंदुका ‘अँटिक’ या व्याख्येत येतात, त्यामुळे साध्या बंदुकीसारखा फॉर्म भरावा लागत नाही. पण ज्या फ्रेमवर काडतुसाची नळीही बसते, उदाहरणार्थ थॉम्पसन सेंटरची एन्कोर, ती बंदूकच धरली जाते, आणि राज्याचे नियम त्याहून कडक असू शकतात. व्हिसावर असाल तर चालू हंटिंग लायसन्स जवळ असणं कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. खरेदीआधी वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

शेवटी साफसफाई. काळी दारू आणि पायरोडेक्सचा मळ हवेतला ओलावा ओढतो आणि एका रात्रीत नळी गंजवतो. त्याच दिवशी धुवायचं, दमलात तरी. नळी सुटी करून तिचं मागचं टोक साबणाच्या गरम पाण्याच्या बादलीत ठेवा, गजाला चिंधी लावून पंपासारखं पाणी वर ओढा, काळं पाणी स्वच्छ होईपर्यंत. नंतर गरम पाण्याने विसळा, कोरडी करा, तेल लावा. ब्लॅकहॉर्न पाण्याने निघत नाही, त्याला सॉल्व्हंट लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवा. तपकिरी निघाली तर पुन्हा धुवा. ब्रीच प्लगच्या आट्यांना दर वेळी ग्रीस लावा. ते राहिलं तर सीझन संपेपर्यंत प्लग असा जाम होतो की पाना लावला तरी हलत नाही, आणि मग ज्या सोयीसाठी इनलाइन घेतली तीच हातची जाते.